पोहण्याच्या तलावातील जलशुद्धी

पोहण्याच्या तलावातील जलशुद्धी : पोहण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम तलावातील पाणी निर्जंतुक, पारदर्शक व रासायनिक दृष्ट्या संतुलित ठेवण्याच्या पद्धती. नदीचे किंवा समुद्राचे पाणी सतत बदलत असते. तलावातील पाणी मात्र कोंडलेले असते आणि त्यात उतरणारा प्रत्येक जण घाम, लाळ, त्वचेवरील मेद, केस, तेल व सूक्ष्मजंतू सोडीत असतो. हे पाणी पिण्यासाठी नसले, तरी पोहताना ते थोडेबहुत पोटात जातेच; शिवाय डोळे, कान, नाक व त्वचा यांच्याशी त्याचा दीर्घकाळ संपर्क येतो. पिण्याचे पाणी एकदा शुद्ध करून नळावाटे पाठविता येते. तलावाचे पाणी मात्र वापर चालू असतानाच पुनःपुन्हा शुद्ध करावे लागते. दोहोंतील हा मुख्य फरक असून तलावाच्या जलशुद्धीचे स्वतंत्र शास्त्र त्यातूनच निर्माण झाले. हे शास्त्र विसाव्या शतकातील आहे. त्यापूर्वी सु. साडेचार हजार वर्षे तलाव रिकामा करून पुन्हा भरणे हाच खात्रीचा उपाय माणसाला ठाऊक होता.

प्राचीन काळ : सिंधू संस्कृतीतील मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह हे बांधीव जलकुंडाचे अतिप्राचीन उदाहरण होय. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील हे कुंड सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २·४ मी. खोल आहे. विटा जिप्समाच्या गिलाव्यात बसवून आणि भिंतीमागे डांबराचा थर देऊन ते जलाभेद्य केलेले होते. शेजारच्या दालनात विहीर असून कुंडाच्या एका कोपऱ्यातून निघणारी कमानदार मोरी वापरलेले पाणी बाहेर नेत असे. भरण्याची सोय आणि रिकामे करण्याची सोय या दोन्हींचा विचार मूळ आराखड्यातच केलेला दिसतो. कुंडाचा उपयोग धार्मिक स्नानासाठी होत असावा, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे.

रोमन साम्राज्यातील सार्वजनिक स्नानगृहांत पोहण्यासाठी मोठी उघडी कुंडे असत आणि जलसेतूंवरून येणारे पाणी त्यांत सोडले जाई. पाण्याचा प्रवाह जेथे पुरेसा असे तेथे स्वच्छता बरी राही. इतरत्र स्थिती वाईट असे. स्नानाचे पाणी म्हणजे तेल, घाम व मळ यांचे मिश्रण, असा तिटकाऱ्याचा उल्लेख सम्राट मार्कस ऑरीलियस (१२१–१८०) याच्या आत्मचिंतनात आढळतो. सेल्सस या रोमन ग्रंथकाराने ताजी जखम असताना स्नानगृहात जाणे घातक असल्याचा इशारा दिला होता. जंतूंची कल्पना नसतानाही अनुभवाने आलेले हे शहाणपण होते.

भारतीय वैद्यकातही पाणी निवळण्याचे उपाय सांगितलेले आहेत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात द्रव्यांची यादी असून तीत कतक म्हणजे निवळीच्या बीचा समावेश आहे. निवळीची बी भांड्यास आतून घासली असता पाण्यातील सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात. तुरटीचे कार्यही असेच असून आधुनिक तलावांच्या गाळणीत ते आजही उपयोगी पडते. मात्र निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. स्वच्छ दिसणारे पाणी आणि सुरक्षित पाणी यांतील हा भेद पुढील सर्व इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येतो.

महाराष्ट्रात या भेदाचे ठळक उदाहरण नारू या रोगाच्या रूपाने दिसून आले. पायऱ्यांच्या विहिरी व बारवा यांत लोक पाण्यात उतरून पाणी भरीत. नारूच्या रुग्णाचा पाय पाण्यात बुडाला की, फोडातून कृमीच्या अळ्या पाण्यात पडत, त्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचराच्या शरीरात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होई. पाणी कितीही नितळ दिसले, तरी हे चक्र चालूच राही. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पायविहिरींचे रूपांतर करणे, पाणी गाळून पिणे व पाण्यावर औषधयोजना करणे या उपायांवर भर देण्यात आला. भारतातील नारूचा अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले [→ नारू].

एकोणिसावे शतक : सार्वजनिक तलावांची आधुनिक परंपरा इंग्लंडमध्ये सुरू झाली. लिव्हरपूल येथे १८२८ साली नगरपालिकेचे स्नानगृह उघडण्यात आले. पटकीच्या साथी व कामगार वस्त्यांतील अस्वच्छता यांमुळे १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक स्नानगृहे व धुलाईगृहे यांविषयीचा कायदा केला आणि गावोगावी तलाव बांधले जाऊ लागले. या तलावांचा मूळ हेतू करमणूक नसून शरीराची स्वच्छता हा होता. ज्यांच्या घरी स्नानाची सोय नव्हती, असे लोक मळ धुण्यासाठीच तेथे येत. साहजिकच पाणी झपाट्याने खराब होई. आठवड्यातून एकदोन वेळा तलाव रिकामा करून घासून पुन्हा भरीत. ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशशुल्क अधिक असे आणि पाणी जसजसे गढूळ होई तसतसे ते कमी होत जाई. त्यामुळे गरिबांच्या वाट्यास आठवड्याअखेरचे पाणी येई. शुद्ध पाणी ही या काळात उघडपणे पैशाने मिळणारी वस्तू होती.

ऑलिंपिक सामन्यांचा इतिहासही या स्थित्यंतराचा निदर्शक आहे. १८९६ साली पोहण्याच्या शर्यती ग्रीसमधील झीआच्या उपसागरात, तर १९०० साली पॅरिसच्या सेन नदीत झाल्या. १९०८ साली लंडन येथे मैदानातच १०० मी. लांबीचा तलाव बांधण्यात आला आणि १९२४ साली पॅरिस येथे ५० मी. लांबीचा व दोरांनी मार्गिका आखलेला तलाव वापरात आला. पुढे १०० वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेन नदीतील जंतुप्रमाण वाढल्यामुळे पुरुषांची ट्रायथलॉन स्पर्धा एक दिवस पुढे ढकलावी लागली.

क्लोरिनीकरणाचा आरंभ : क्लोरिनाचा शोध स्वीडिश रसायनज्ञ शेले (१७४२–८६) यांनी १७७४ साली लावला. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली विरंजक चूर्णाचे एकस्व मिळविले. हे चूर्ण प्रथम कापड विरंजनासाठी व पुढे दुर्गंधी घालविण्यासाठी वापरले जाई. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत प्रस्थापित झाल्यानंतर त्याचे खरे महत्त्व ध्यानी आले. बेल्जियममधील मिडलकेर्क (१९०२), इंग्लंडमधील लिंकन (१९०५) आणि अमेरिकेतील जर्सी सिटी (१९०८) येथील पाणीपुरवठ्यात क्लोरिनाचा नियमित वापर सुरू झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१० साली, अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात जे. डब्ल्यू. एम. बंकर या संशोधक विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या तलावात विरंजक चूर्ण मिसळून पाण्यातील जंतूंची संख्या एकदम घटते, असे दाखवून दिले. पोहण्याच्या तलावाच्या क्लोरिनीकरणाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. त्याच सुमारास द्रवरूप क्लोरिनाचा उपयोग करण्याचे तंत्र सिद्ध झाले आणि मोजून मात्रा देणारी यंत्रे उपलब्ध झाली [→ क्लोरीन].

अभिसरण व गाळण : क्लोरिनामुळे जंतू मरतात, पण मळ जात नाही. तो काढण्यासाठी तलावातील पाणी पंपाने सतत खेचून गाळणीतून पुन्हा तलावात सोडतात. नगरांच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूची गाळणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वापरात आली होती. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे १८०४ साली आणि लंडनच्या चेल्सी जलकेंद्रात १८२९ साली तिचा उपयोग झाला. तलावांसाठी हीच पद्धत बंद टाक्यांतील जलद गाळणीच्या स्वरूपात स्वीकारण्यात आली. गाळणीत मळ साचला म्हणजे पाण्याचा प्रवाह उलट फिरवून वाळू धुतात.

तलावातील सर्व पाण्याइतके आकारमान गाळणीतून एकदा जाण्यास लागणाऱ्या वेळेस आवर्तनकाल म्हणतात. सार्वजनिक तलावांत तो सामान्यतः चार ते आठ तास असतो. मात्र एका आवर्तनात सर्व पाणी गाळले जाते, ही समजूत चुकीची आहे. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यात मिसळत असल्यामुळे काही भाग पुनःपुन्हा गाळणीत येतो व काही तसाच राहतो. गेज व बिडवेल यांनी १९२६ साली मांडलेल्या नियमानुसार एका आवर्तनात सु. ६३ टक्के, दोहोंत ८६ टक्के, तिहींत ९५ टक्के आणि चारांत ९८ टक्के पाणी गाळले जाते. रात्री पंप बंद ठेवून काटकसर करण्याची प्रथा का अंगलट येते, याचा उलगडा या नियमावरून होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी अमीबाजन्य आमांशाच्या पुटी अडविणारी डायाटमी मातीची गाळणी तयार करण्यात आली व युद्धानंतर ती पोहण्याच्या तलावांतही वापरली जाऊ लागली. वाळूपेक्षा ती अधिक सूक्ष्म कण अडविते.

पाण्याचे संतुलन : क्लोरीन पाण्यात घातल्यावर हायपोक्लोरस अम्ल तयार होते आणि त्याचा काही भाग हायपोक्लोराइट आयनाच्या स्वरूपात जातो. जंतुनाशनात हायपोक्लोरस अम्ल हे आयनापेक्षा कित्येक पटींनी प्रभावी असते. दोहोंचे प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असते. डॅनिश रसायनज्ञ सरेन्सन (१८६८–१९३९) यांनी १९०९ साली मांडलेल्या या मापनामुळे [→ पीएच मूल्य] तलावाच्या व्यवस्थेस गणिती आधार मिळाला. पीएच मूल्य ७ असताना सु. तीन-चतुर्थांश, ७·५ असताना निम्मे आणि ८ असताना सु. एक-चतुर्थांश क्लोरीन प्रभावी स्वरूपात असतो. म्हणजे क्लोरिनाची मात्रा तीच असूनही पीएच मूल्य वाढू दिले, तर रक्षण नाममात्र राहते. उलट ते फार उतरले, तर डोळे चुरचुरतात व धातूचे नळ गंजतात. म्हणून ते सामान्यतः ७·२ ते ७·८ यांच्या दरम्यान ठेवतात. मानवी अश्रूंचे पीएच मूल्यही जवळपास एवढेच असते. ते उतरविण्यासाठी हायड्रोक्लोरिक अम्ल आणि चढविण्यासाठी धुण्याचा सोडा वापरतात. ही अम्ले व विरंजक चूर्ण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, म्हणून त्यांचा साठा वेगवेगळा करणे अत्यावश्यक असते.

पीएच मूल्य स्थिर राहण्यासाठी पाण्यात बायकार्बोनेटांमुळे येणारी क्षारता पुरेशी असावी लागते. ती कमी असल्यास खाण्याचा सोडा घालतात. कॅल्शियमाचे प्रमाण कमी असलेले पाणी तलावाच्या गिलाव्यातूनच चुना विरघळवून घेते, तर जास्त असलेले पाणी भिंतींवर व नळांत पुटे धरते. तापमान, पीएच मूल्य, क्षारता व कॅल्शियम यांचा एकत्रित विचार करणारा संपृक्तता निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँगेलियर यांनी १९३६ साली मांडला. हा निर्देशांक शून्याच्या आसपास असला, तर पाणी संतुलित समजतात. ऋण असल्यास ते झिजविणारे व धन असल्यास पुटे धरणारे असते. मुळात नगरांच्या जलवाहिन्यांसाठी मांडलेला हा विचार तलावांस तंतोतंत लागू पडला.

तलावावर येणारा उग्र दर्प म्हणजे क्लोरीन भरपूर असल्याची खूण, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरिनाची विक्रिया होऊन क्लोरॅमिने बनतात आणि दर्प व डोळ्यांची जळजळ ही प्रामुख्याने त्यांच्यामुळे असते. दर्प जितका उग्र तितका मुक्त क्लोरीन अपुरा असण्याचा संभव अधिक. क्लोरिनाची मात्रा एका विशिष्ट मर्यादेपलीकडे वाढविली की, क्लोरॅमिनांचे विघटन होते व मुक्त क्लोरीन शिल्लक राहू लागतो, हे १९३९ साली स्पष्ट झाले. यास भंगबिंदू क्लोरिनीकरण म्हणता येईल. यासाठी व्यवहारात संयुक्त क्लोरिनाच्या सु. दहापट मात्रा द्यावी लागते.

उघड्या तलावात सूर्यप्रकाशाने काही तासांतच बहुतेक क्लोरीन नष्ट होतो. १९५० नंतरच्या दशकात सायन्यूरिक अम्लाचा स्थिरीकारक म्हणून वापर सुरू झाल्याने ही हानी पुष्कळ कमी झाली. परंतु हे अम्ल पाण्यात साठत जाते, प्रमाणाबाहेर वाढल्यास जंतुनाशन मंदावते आणि व्यवहारात पाण्याचा काही भाग बदलूनच ते कमी करता येते. परीक्षणासाठी पूर्वी ऑर्थोटोलिडीन हे रंगद्रव्य वापरीत. ते कर्करोगजनक असल्याच्या संशयाने मागे पडले. इंग्लंडमधील पेलिन यांनी १९५७ साली प्रचारात आणलेल्या डीपीडी पद्धतीत मुक्त व संयुक्त क्लोरीन वेगवेगळे मोजता येतात आणि ती आज सर्वत्र रूढ आहे.

रोग व मर्यादा : पोलिओच्या साथींत अमेरिकेतील अनेक तलाव उन्हाळ्यात बंद ठेवीत; १९५५ मध्ये साल्क लस उपलब्ध झाल्यानंतर ही धास्ती ओसरली. परंतु शुद्ध समजलेला तलाव किती घातक ठरू शकतो, याचा दारुण अनुभव तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ऊस्ती नाद लाबेम या शहरास आला. १९६२ ते १९६५ या काळात तेथे १६ तरुण मेंदूच्या दाहाने मरण पावले. ते सर्व एकाच बंदिस्त तलावात पोहले होते. तलावाचे पाणी गरम केलेले, गाळलेले व क्लोरिनयुक्त होते. नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या नेग्लेरिया या अमीबाने हे मृत्यू घडविल्याचे नंतर सिद्ध झाले. क्लोरिनाचे प्रमाण अपुरे पडत होते आणि तलावाच्या भिंतीमागील पोकळीत साचलेल्या पाण्यात या अमीबाला आश्रय मिळाला होता, असे पुढील तपासात आढळले. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मस्तिष्कदाहाचे रुग्ण आढळल्यावर विहिरी व तलाव यांच्या क्लोरिनीकरणाची मोहीम राज्यशासनाने हाती घेतली.

सर्व रोगकारकांवर क्लोरिनाचा परिणाम सारखा नसतो. दर लिटरला १ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन, ७·५ पीएच मूल्य व २५° से. तापमान असताना आतड्यातील कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतात, कावीळ-अ चा विषाणू सु. १६ मिनिटांत व जिआर्डिया सु. ४५ मिनिटांत निष्प्रभ होतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र दहा दिवसांहून अधिक काळ टिकतो. अतिसारातून बरा होत असलेला एकच मुलगा यामुळे संपूर्ण तलाव दूषित करू शकतो. या परजीवीवर जंबुपार किरण व ओझोन हे उपाय परिणामकारक ठरले आहेत. परंतु त्यांचा अंश पाण्यात टिकत नसल्याने क्लोरिनाची जोड द्यावीच लागते. क्लोरिनालाही दुसरी बाजू आहे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी त्याची विक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेने ही अपायकारक संयुगे तयार होतात, असे नेदर्लंड्समधील रूक यांनी १९७४ साली दाखविले. पोहण्यापूर्वी साबणाने स्नान केल्यास क्लोरॅमिने व ही संयुगे या दोहोंचा कच्चा माल घटतो. रासायनिक उपायांपेक्षा हा उपाय स्वस्त असूनही त्याचीच सर्वाधिक उपेक्षा होते.

शुद्धतेचा सामाजिक अर्थ : शुद्ध पाणी म्हणजे काय, याचे उत्तर प्रयोगशाळेने देण्यापूर्वी आणि दिल्यानंतरही समाज ते आपल्या रूढींनुसार देत आला आहे. महाड येथील चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी घेतल्यावर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या दृष्टीने ही कृती पाणी दूषित करणारीच होती. अस्पृश्य मानलेल्यांचा तळ्यावरील हक्क १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने कायम झाला. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांना अनेक सार्वजनिक तलाव बंद होते. जून १९६४ मध्ये फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे कृष्णवर्णीय व गोरे सत्याग्रही एका निवासगृहाच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्यात हायड्रोक्लोरिक अम्ल ओतले. तलावाच्या देखभालीत नित्य वापरले जाणारे द्रव्यच येथे बहिष्काराचे साधन बनले. या दोन्ही प्रसंगी पाण्यात कोणताही मापनीय दोष नव्हता. पाण्याची शुद्धता मापनानेच ठरवावी, या तत्त्वाला अशा प्रकारे आरोग्याइतकाच न्यायाचाही आधार आहे.

अलीकडील काळ : जर्मनीने १९८४ साली तलावांच्या जलशुद्धीचे सविस्तर मानक प्रसिद्ध केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. भारतातही तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी भारतीय मानक आहे. तथापि यंत्रसामग्री व मानके असूनही चूक होऊ शकते, हे २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. तेथे उडीच्या तलावाचे पाणी स्पर्धा चालू असतानाच हिरवे झाले. काही दिवसांपूर्वी तलावांत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकण्यात आले होते. क्लोरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड ही दोन्ही स्वतंत्रपणे निर्जंतुक करणारी द्रव्ये असली, तरी एकत्र आल्यावर परस्परांना निष्प्रभ करतात. परिणामी शैवलांची वाढ झाली. तालबद्ध जलतरणाच्या तलावातील पाणी पूर्ण उपसून बदलावे लागले.

५० मी. लांब, २५ मी. रुंद व २ मी. खोल तलावात २५ लक्ष लि. पाणी मावते. जुन्या पद्धतीने ते दर आठवड्यास बदलायचे म्हटल्यास वर्षाला १३ कोटी लि. पाणी लागेल. अभिसरण, गाळण व संतुलन योग्य असल्यास केवळ बाष्पीभवनाची व गाळणी धुण्याची तूट भरून काढणे आणि विरघळलेली द्रव्ये वाढू नयेत म्हणून दर पोहणाऱ्यामागे सु. ३० लि. ताजे पाणी घालणे पुरेसे होते. मुंबईतील दादरचा महानगरपालिकेचा तलाव किंवा १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे उभारलेले क्रीडासंकुल यांसारख्या ठिकाणी पोहण्यास शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. पाणीटंचाईच्या वर्षात तलाव चालू ठेवणे समर्थनीय ठरते, ते तेथील पाणी टिकविण्याचे शास्त्र काटेकोरपणे पाळले जात असेल तरच. त्यासाठी दिवसातून अनेक वेळा क्लोरीन व पीएच मूल्य मोजून त्याची नोंद ठेवणारा प्रशिक्षित कर्मचारी हा कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक आवश्यक असतो.